पितळी गुंडावरचं पान

आत्याला अद्वैत शिकायचं होतं आणि तिला गाडी चालवता येत नव्हती. माझा अध्यात्माशी संबंध आला तो एवढ्याच कारणानं.

दर शनिवारी दुपारी चारला तिला नागपूरच्या इतवारीत सोडायचं आणि दीड तासानं परत आणायचं. मी घरूनच नोकरी करते, शनिवारी सुट्टी असते, आणि 'नाही' म्हणायला जेवढं बोलावं लागतं तेवढं बोलायचा मला कंटाळा आहे. त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं. पहिले दोन शनिवार मी खालीच थांबले. पण इतवारीत नुसतं थांबायला जागा नसते. हातगाडीवाला म्हणतो टेम्पोला जागा द्या, टेम्पोवाला म्हणतो हातगाडीला द्या, आणि आपण गाडीसकट त्या दोघांच्या भांडणाचा मधला भाग होतो. तिसऱ्या शनिवारी मी वर गेले. वर पंखा होता.

वर म्हणजे भांड्यांच्या एका दुकानावरची खोली. लाकडी जिना, त्याच्या प्रत्येक पायरीवर परातींची थप्पी, म्हणजे पाय ठेवायला अर्धीच पायरी. शिकवणारे काका याच दुकानाच्या फळीवर बसून चाळीस वर्षं भांड्यांवर नावं टाकत होते. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव टाकून घेतात. लग्नात दिलं तर कोणी दिलं ते, कोणाच्या आठवणीत वाटलं तर कोण गेलं ते, आणि काहीच नसेल तर निदान शेजारी गेलेली वाटी परत यावी म्हणून. आता ते काम मशीनवर होतं आणि काकांचा पुतण्या ते करतो. काका वर बसून शिकवतात की कुठलंच नाव कोणाचं नसतं.

"चाळीस वर्षं लोकाइची नावं टाकली," ते म्हणायचे. "आता पुसून राहिलो."

खोलीत आठ-नऊ माणसं असायची, सगळी साठीच्या आसपासची किंवा पुढची. त्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक तिकीट तपासनीस होते. ते अजूनही प्रत्येकाकडे तो विनातिकीट असल्यासारखं बघायचे. वर्गाचा नियम मोडणाऱ्याला पकडणं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

नियम एकच होता. बोलण्याच्या ओघात जो 'माझं' म्हणेल, त्यानं चहाचे कप धुवायचे. माझं घर, माझा गुडघा, माझी सून, काहीही. खोलीच्या कोपऱ्यात एक छोटी मोरी होती. तिथे एका निवृत्त मास्तरीणबाई जवळजवळ दर शनिवारी उभ्या दिसायच्या, कारण त्यांचा मुलगा बंगळुरूला होता आणि त्याच्याबद्दल 'माझा' न म्हणता बोलणं त्यांना जमत नव्हतं. कप स्टीलचे होते. एकावरही नाव नव्हतं. पण प्रत्येकाच्या बुडाशी टिंबाटिंबांनी ठोकलेलं एक छोटंसं पान होतं, देठ जरा डावीकडे वळलेलं. मी गप्प बसणारी आहे, त्यामुळे मला अशा गोष्टी दिसतात. बोलणाऱ्यांना कपात चहा दिसतो.

पहिल्याच दिवशी काकांनी मला समोर बसवलं.

"तू कोण होय वं?"

मी नाव सांगितलं.

"हे त आईबापानं ठेवलं. बारशाच्या पहिले तू नव्हती काय? तू कोण?"

मी शिक्षण सांगितलं.

"हे सर्टिफिकेट झालं. फाइलीत राह्यते. तू कोण?"

"यांची भाची," मी आत्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं यावर तरी सुटका होईल.

"म्हंजे ह्या ताई उद्या गावाले गेल्या त तू संपली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घाबरले की मराठी आधी पळून जातं. तोंडातून निघालं, "आय डोन्ट नो."

काकांनी मांडीवर थाप मारली. "घ्या! पह्यल्याच दिवशी पोचली!"

तिकीट तपासनीस खट्टू होऊन म्हणाले, "आम्हाले इथवर यायले चार वर्षं लागले."

मी परत गेले त्याचं खरं कारण सांगते. नागपुरात कुठल्याही बैठकीत तीन प्रश्न विचारतात: काय करतेस, किती देतात, आणि कधी करणार. या खोलीत तिन्ही प्रश्नांना बंदी होती, तीही तात्त्विक कारणांसाठी. तुम्ही म्हणजे तुमची नोकरी नाही, तुम्ही म्हणजे तुमचं लग्न नाही, म्हणून त्याबद्दल कोणी विचारायचंच नाही. लाजऱ्या माणसांसाठी यापेक्षा सोयीचं तत्त्वज्ञान मला माहीत नाही.

शिकवणं भांड्यांवरच चालायचं. काका खालून तांब्या, परात, वाटी मागवायचे. "नाव वेगळं, घाट वेगळा. पण हे सगळं आहे काय? पितळ. मोडीत टाकलं त तराजू विचारते काय, तू तांब्या होता का परात?" मग एक पातेलं पालथं करून पुन्हा सुलटं करायचे. "याच्या आत जागा आहे. बाहेर जागा आहे. ह्या दोन जागा होय का एक?"

"आतली रिझर्व्हेशनची," तिकीट तपासनीस म्हणाले. "बाहेरची जनरल."

"अन् पातेलं फुटलं त?"

ते थोडे विचारात पडले. "मंग सगळीच जनरल."

"तेच सांगून राहिलो ना गा मी चार वर्षांपासून!"

मी हे सगळं घरी वापरायला लागले. आईनं विचारलं, "कपडे वाळत घालायचे राहिलेच, कोणाचं काम होतं?" मी म्हटलं, आधी करणारा कोण आहे याचा शोध घेऊ. आई म्हणाली, "शोध दोरीवर घे, ऊन जाऊन राहिलं." आईकडे अद्वैताला एवढंच उत्तर होतं आणि ते पुरेसं होतं.

पण एकदा काहीतरी झालं, तेही सांगायला हवं. ऑफिसची मीटिंग होती, कॅमेरा बंद, आणि माझं नाव पुकारलं जाणार होतं. छाती धडधडायला लागली. काका म्हणाले होते, डोळा भांडं पाहतो, मन डोळ्याला पाहतं, मनाला कोण पाहतं ते बघ. गंमत म्हणून मी बघितलं. धडधड होती. घाबरणारी एक मुलगी होती. आणि ते सगळं दिसत होतं कोणाला तरी, जे अजिबात घाबरलेलं नव्हतं. खिडकीत बसून रस्ता बघावा तसं. चार-पाच सेकंद टिकलं असेल. मग नाव पुकारलं गेलं आणि मी म्यूट काढायला विसरून दोन मिनिटं बोलले.

शनिवारी मी हे काकांना सांगितलं नाही, आत्याला सांगितलं, आत्यानं सगळ्यांना सांगितलं. काका मान डोलवत म्हणाले, "लाजणारी एक अन् पाहणारी एक. म्हंजे दोन मोजल्या तिनं?"

"हो."

"मंग अजून थोडी चुकली. पण बरी चुकली."

आता आत्याबद्दल. काका 'तू कोण' विचारत खोलीभर फिरायचे तेव्हा सगळे उत्साहानं चुकीची उत्तरं द्यायचे. आत्या तेवढी "पुढं चला" म्हणायची. "नाव म्हणजे तू नाही" हे वाक्य काकांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती एकटीच हसली होती. घरी येताना मागे बसून म्हणाली, "हे मले अकरा महिन्यांत समजलं होतं. यांनी उगाच चाळीस वर्षं लावली."

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवीन नाव लिहितो. आत्याचं असंच बदललं, पस्तीसेक वर्षांपूर्वी. ती सांगते, तिकडे पहिले दोन महिने कोणी हाक मारली की ती बसूनच राहायची. आपल्याला बोलावतायत हे लक्षातच यायचं नाही. सासूला वाटलं मुलीला ऐकू येत नाही, फसवणूक झाली. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला कान उत्तम आहेत. हे ती हसून सांगते आणि इथेच थांबते. अकरा महिन्यांनी ती परत आली. पुढचं कोणी विचारत नाही, मीही विचारलं नाही.

परत येताना तिनं ऑटोत मांडीवर एक वस्तू आणली, तिचा पितळी गुंड. आमच्या भागात पाणी भरून ठेवायच्या भांड्याला गुंड म्हणतात, मोठं पोट, आखूड गळा. तो तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी लग्नात दिलेला. त्याच्या खांद्यावरून गोल अक्षरं गेली आहेत: 'चि. सौ. कां.', मग तिकडचं नवीन नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि शेवटी 'हिला बाबांकडून'. नवीन नाव साखरपुड्यातच कळवलेलं होतं, म्हणून आजोबांनी तेच टाकून घेतलं.

आमच्या स्वयंपाकघरात तो गुंड कायम नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवलेला असे. लहानपणी मला वाटायचं गुंडाला पुढची आणि मागची बाजू असते. घासताना कोणी फिरवून ठेवला तर संध्याकाळपर्यंत तो आपोआप वळलेला असायचा.

गेल्या वर्षी आत्या निवृत्त झाली आणि तिनं शहराबाहेर वाडीला एका खोलीचा फ्लॅट घेतला. पुढे ट्रकांची गोदामं, मागे मोकळं मैदान. माझे बाबा आठ दिवस रुसले, म्हणाले इथं काय कमी आहे. ती म्हणाली, "कमी काही नाही रे. खूप जास्त आहे." प्रवेशाचा रविवार ठरला. नव्या घरात भरलेलं भांडं घेऊन जातात. आत्याला तो गुंड न्यायचा होता, कारण आजोबांचं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. आणि ते नाव घेऊन ती त्या दारातून आत जाणार नव्हती. हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की आईनं हातातली भाजी निवडणं थांबवलं.

म्हणून रविवारच्या आधीच्या शनिवारच्याही आधीच्या शनिवारी, एका जुन्या साडीत गुंडाळलेला गुंड माझ्या गाडीवर पायाशी ठेवून आम्ही इतवारीला गेलो.

आत्यानं साडी सोडली. "काका, एवढं नाव काढून द्यायचं आहे. 'बाबांकडून' तेवढं ठेवा."

काकांनी चष्मा लावला. गुंड हळूहळू फिरवला. पुन्हा फिरवला.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "नाव त मिथ्याच होय. मंग काढून काय होईन?"

"मिथ्याच आहे तर काढायला काय हरकत आहे?"

"मिथ्याच आहे त ठेवाले काय हरकत आहे?"

"मले आहे ना हरकत."

"मले म्हंजे कोणाले? त्याचा शोध घ्या."

"काका, शोध रविवारनंतर घेईन. टेम्पो सांगून ठेवला आहे."

खोलीत सगळे एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. तिकीट तपासनीस तर आनंदानं पुढे सरकून बसले होते. एका प्रश्नाची दोन्ही उत्तरं बरोबर असलेली त्यांनी प्रथमच पाहिली असावी. मास्तरीणबाई म्हणाल्या, "माझ्या मुलाकडे पण असंच झालं होतं," आणि उठून मोरीकडे गेल्या.

काका गुंड कुशीत घेऊन बसले होते. "राहू द्या इथं. पुढच्या शनिवारी पाहू. पण दुसऱ्याच्या हाती देऊ नका. बिघडवून टाकतीन."

मी माझ्या जागेवरून बघत होते. 'बाबांकडून'च्या पुढे, ओळ जिथे संपते तिथे, टिंबाटिंबांनी ठोकलेलं एक पान होतं. देठ जरा डावीकडे वळलेलं.

मी हातातला कप उचलून त्याचं बूड बघितलं. मग कप खाली ठेवला.

परत जाताना गांधीबागच्या गर्दीत आत्या मागून म्हणाली, "दुसरीकडं नेऊ का वं? पॉलिशवाले किती आहेत." मग स्वतःच म्हणाली, "पण तो सगळंच गुळगुळीत करून देईल. नाव काढून बाजूचं अक्षर ठेवायचं म्हणजे हात पाहिजे. यांच्यासारखा हात नाही कोणाचा. काहून नाही म्हणून राहिले काय माहीत."

मला माहीत होतं. मी गिअर नसलेल्या गाडीवर गिअर बदलल्यासारखं काहीतरी करून गप्प राहिले. आठवडाभर गप्प राहिले. बुधवारी तिनं पुन्हा विचारलं, "तुले काय वाटते?" मी म्हटलं मला काय कळतं. खरं सांगायचं तर मला थोडी मजा येत होती. जगात कोणाचंच काही नसतं असं सांगणारा माणूस एका पानाला धरून बसला होता, आणि हे फक्त मला माहीत होतं. पण बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर आत्या ओट्यावरची ती रिकामी जागा पुसत होती, जिथे गुंड असायचा. दोनदा पुसली. त्यानंतर मजा येईना.

शेवटचा शनिवार आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टेम्पो येणार होता.

आम्ही वर गेलो तर गुंड मधोमध पाटावर ठेवलेला. काकांनी आठवडाभरात तो चिंचेनं घासून असा लखलखीत केला होता की अर्ध्या खोलीतून नाव वाचता येत होतं.

आत्या दारातच थांबली. "काका. पस्तीस वर्षं मी हे नाव भिंतीकडं करून ठेवलं. तुम्ही चमकवून दिलं."

"पाहा त खरं, ताई." काकांचा आवाज वेगळाच होता, लहान मुलानं चित्र दाखवावं तसा. "मशीन नव्हती तवा. एक एक टिंब ठोकलं आहे. दोन दिवस लागले. तुमचे बाबा समोर स्टुलावर बसून होते, दोन्ही दिवस. उठले नाहीत. मी म्हटलं, जा ना गा घरी, मी करून ठेवतो. त म्हणे, पोरीचं काम आहे, बसतो. मंग संपल्यावर म्हणे, पुढं जरा काही फूलपान टाका, मोकळं दिसते. तवा हे टाकलं. पह्यलं. याच्या आधी कोणत्याच भांड्यावर नव्हतं टाकलं." त्यांनी बोट ठेवलं. "हे पान माझं होय."

आत्या खाली बसली. आजोबा स्टुलावर बसले होते हे तिला माहीत नव्हतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आणि काका नियमातलाच शब्द बोलून गेले होते. सगळ्यांनी ऐकलं होतं. मास्तरीणबाई छताकडे बघायला लागल्या. तिकीट तपासनीस, ज्यांनी आयुष्यात कोणाला सोडलं नाही, ते स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. साहेबांचं तिकीट कोण विचारणार?

चार महिन्यांत मी त्या खोलीत आपण होऊन एक शब्द बोलले नव्हते. त्यामुळे एकही कप धुतला नव्हता. छाती धडधडायला लागली. धडधड दिसत होती, घाबरणारी मुलगीही दिसत होती. पण समोर आत्या होती आणि उद्या नऊला टेम्पो होता.

"काका," मी म्हटलं. "कप."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग बोटाखालच्या पानाकडे बघितलं. मग जे हसायला लागले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. "अरे बापा! चाळीस वर्षांचा चोर पकडला वं पोरीनं!"

तिकीट तपासनीस माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा आवाज असा आहे होय?" आणि मग, बऱ्याच आदरानं, "कोणत्या शाळेत शिकली?" हा प्रश्न नियमाबाहेरचा होता, पण त्या दिवशी त्यांना कोणी टोकलं नाही.

काका उठले, सगळे कप गोळा केले आणि मोरीत बसून एकेक धुतला. मास्तरीणबाई मदतीला उठल्या, त्यांना हातानंच बसवलं. आम्ही सगळे स्टीलचा आवाज ऐकत बसलो. परत आले तेव्हा धोतराला हात पुसत होते.

"कानस आणा खालून. अन् पॉलिश पेपर. ताई, सांगा. कुठून कुठवर?"

आत्या पाटाजवळ सरकली. तिनं त्या अक्षरांना हात लावलेला मी पहिल्यांदाच बघितला. "हे 'सौ. कां.' पासून. इथवर."

"अन् 'चि.'?"

"चिरंजीव राहायला काय हरकत आहे?" आत्या म्हणाली. "'हिला बाबांकडून' ठेवा."

"पान?"

"पानही ठेवा. बाबांनी सांगून टाकून घेतलं आहे."

काकांनी मान हलवली, आणि पुढचा तासभर ते गुंडावर वाकून राहिले. कानशीचा आवाज, मग कागदाचा. पितळेची बारीक धूळ त्यांच्या धोतरावर पडत होती. ज्या हातानं टिंबं ठोकली त्याच हातानं ती एकेक जात होती. आधी आडनाव गेलं, मग नवऱ्याचं, मग ते नाव. मी बघत होते की आत्या रडते का. ती रडली नाही. चष्मा मागून घेऊन जवळून बघत होती आणि म्हणत होती, "इथं थोडं राहिलं. तिथं वेलांटी दिसून राहिली."

संपलं तेव्हा 'चि.' आणि 'हिला' यांच्यामध्ये एक वीतभर जागा उरली, बाकी गुंडापेक्षा किंचित फिकट आणि हात फिरवला तर जराशी खोल.

काकांनी छिन्नी हातात घेतली. "आता कोणतं टाकू? माहेरचं?"

चार महिने ते 'तू कोण' विचारत होते. या वेळी ते खरोखरच विचारत होते, छिन्नी धरून. आत्या त्या जागेकडे बघत राहिली. खाली कोणीतरी परातींची थप्पी पाडली, त्याचा गडगडाट झाला, शिव्या ऐकू आल्या, तरी ती बघतच होती. मला वाटलं आता 'पुढं चला' म्हणणार.

"मोकळं राहू द्या," ती म्हणाली. "सध्या छान दिसून राहिलं."

काकांनी छिन्नी खाली ठेवली. माझ्याकडे बघून एक भुवई उचलली, जणू काही मी परीक्षक होते.

रविवारी सगळा वर्ग वाडीला आला, दोन ऑटो करून. आत्यानं नळावर गुंड भरला, कडेवर घेतला, मोकळी बाजू पुढे करून, आणि उंबरा ओलांडला. बाबा रुसलेले होते तरी दार त्यांनीच धरलं. दूध उतू गेलं, चहा झाला. खाली ट्रक मागे घेताना वाजणारं गाणं अखंड चालू होतं. काका म्हणाले, "इथं ध्यान चांगलं लागीन. कोणी कोणाचं ऐकूच शकत नाही."

शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई चौकशीला आल्या. ओट्यावरच्या गुंडापाशी वाकून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "चि.… हिला बाबांकडून. अगंबाई, नाव टाकायचं राहिलं वाटते!"

"नाही राहिलं," आत्या म्हणाली.

"मग हा कोणाचा म्हणायचा?"

आत्यानं गुंडावरचा पाण्याचा ओघळ पदरानं पुसला. "माझा."

इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून तो शब्द कुठल्याच वस्तूसाठी ऐकला नव्हता. आमच्या घरात ती 'दादाची खुर्ची', 'वहिनीचा मिक्सर' असंच म्हणायची. तिकीट तपासनिसांनी मान वर केली. मास्तरीणबाईंनी केली. काका मात्र माझ्याकडे बघत होते.

"आत्या," मी म्हटलं. "कप."

ती इतकी हसली की शेजारच्या बाई दारापर्यंत मागे सरकल्या. मग पदर खोचून तिनं सगळ्यांच्या हातातले कप ओढूनच घेतले, काहींचा चहा संपलाही नव्हता. मी आत मदतीला गेले तर मला कोपरानं बाहेर ढकललं. "सरक. माझे कप आहेत. मीच धुते."

"दुसऱ्यांदा झालं!" तिकीट तपासनीस बाहेरून ओरडले. "नोंद घ्या! तिसऱ्यांदा! 'मीच' पण म्हटलं!"

आत नळ जोरात सुटला होता. काकांनी तिकीट तपासनिसांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मोजू नका गा," ते म्हणाले. "आज धुऊ द्या ताईले."